ब्रॉयलरच्या खाद्यात सूर्यफूल: कोणतं बी, किती, कोणत्या वयात आणि कोणत्या भावापर्यंत

मोंढ्यात सूर्यफूल विकायला नेलं की आडतीवर माल चाळणीला लागतो आणि बारीक, फुटका, अर्धा भरलेला माल बाजूला पडतो. त्याला भाव विचारला तर आडत्या हसतो. हा माल घरी आणून कोंबड्यांना घालावा, असं पोल्ट्री असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात कधी ना कधी येतंच. विचार चुकीचा नाही, पण तो अमलात आणताना तीन ठिकाणी माणूस हमखास फसतो: बी कसलं आहे ते न पाहता, पिल्लांचं वय न पाहता आणि भाव न पाहता.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही कंपनीच्या करारावर पक्षी सांभाळत असाल, म्हणजे पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं आणि तुमची शेड व मेहनत, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. कंपनीच्या खाद्यात मूठभर बी मिसळलं तरी त्या खाद्याचा समतोल बिघडतो आणि एफसीआर (एक किलो वजन वाढायला लागणारं खाद्य) वाढला तर कापून जातं तुमच्याच बिलातून. स्वतःची ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबडीची, पिल्लं घेऊन, स्वतः मका-सोया दळून खाद्य बनवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

बियात असतं काय

तेलाच्या सूर्यफुलाच्या बियात साधारण ४० टक्के तेल, १७ टक्के प्रथिनं आणि १७ टक्क्यांच्या आसपास तंतू (फायबर) असतो. बियाच्या वजनात पाव हिस्सा तर नुसतं टरफल. वाणानुसार आणि पीक कसं भरलं त्यानुसार हे आकडे बरेच खालीवर होतात. चाळणीखालच्या मालात दाणे पोचट असतात, म्हणून तिथे तेल कमी आणि टरफल जास्त धरायचं.

याचा अर्थ असा की सूर्यफुलाचं बी हे मुख्यतः ऊर्जेचं खाद्य आहे. पुष्कळ जण त्याला सोयाचा पर्याय समजतात आणि तिथेच गणित चुकतं. बी घातल्यावर सोया डीओसी (तेल काढून घेतलेली सोयापेंड) थोडीशीच कमी करता येते, खरी बचत होते ती वरून घालायच्या तेलात.

सूर्यफुलाची एक मोठी सोय म्हणजे ते भाजावं लागत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, म्हणून ते उष्णतेवर प्रक्रिया केल्याशिवाय कोंबडीला देता येत नाही. सूर्यफुलात तसला त्रास नाही. क्लोरोजेनिक आम्ल नावाचा एक घटक असतो, पण खाद्यात मेथिओनिन (प्रथिनाचा एक घटक) आणि कोलीन (जीवनसत्त्वासारखं पोषक) पुरेसं असेल तर आपण घालणार त्या प्रमाणात तो जाणवत नाही. उणीव आहे ती लायसिन या प्रथिनाच्या दुसऱ्या घटकाची. सूर्यफुलाच्या प्रथिनात मेथिओनिन सोयापेक्षा जास्त, पण लायसिन सोयाच्या निम्म्याहून थोडं अधिक एवढंच. ब्रॉयलरच्या छातीचं मांस लायसिनवर वाढतं. ते वेगळं घातलं नाही, तर पक्षी खातो भरपूर आणि छातीवर हात फिरवला की हाड लागतं.

पायरी पहिली: बी पारखून घ्या

सगळ्यात आधी रंग बघा. पेरणीतून उरलेलं संकरित बियाणं कोंबड्यांना कधीही घालू नका. त्याला बुरशीनाशक आणि बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक चोळलेलं असतं, आणि ते ओळखू यावं म्हणूनच त्याला गुलाबी, लाल, निळा रंग दिलेला असतो. धुऊन, उन्हात वाळवूनही ते खाद्य होत नाही. पिशवीत तळाला राहिलेले दोन किलो वाया जाऊ नयेत म्हणून पक्षी गमावण्यात काय शहाणपण?

दुसरं, काळं बी घ्या. पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं बी माणसांना खाण्यासाठी किंवा पोपटांच्या खाद्यासाठी विकलं जातं, त्याचं टरफल जाड आणि तेल कमी असतं. आपल्याकडे तेलासाठी पिकवलेलं बी बहुतेक काळंच असतं, त्यामुळे शेतकऱ्याकडून घेताना हा प्रश्न येत नाही. शहरातल्या दुकानातून घेतलं तर येतो.

मग मूठभर बी घ्या आणि नखाने फोडा. टरफल कोरडा आवाज करून तुटलं आणि आतला मगज पांढरट, चवीला गोडसर लागला तर माल चांगला. टरफल नुसतंच वाकलं तर ओल आहे. मगज पिवळा-तपकिरी, चव कडवट आणि वास जुन्या तेलाच्या बुधल्यासारखा असेल तर माल खवट झालाय. आत करडी किंवा हिरवट बुरशी दिसली तर तो माल स्वस्तात काय, फुकटही घेऊ नका. कणसं ओली असताना पाऊस लागलेल्या पिकात हे हमखास होतं. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, डोळ्यांना दिसत नाही, आणि बुरशीचे दाणे वेचून काढल्याने ते उरलेल्या मालातून जात नाही. खाद्यात टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी पूड) घालतो म्हणून काहीही चालेल, ही समजूत महागात पडते.

चाळणीखालच्या मालात माती, खडे आणि कणसाच्या तबकडीचे तुकडे फार असतात. रस्त्यावर मळणी झाली असेल तर डांबराची खडीसुद्धा. सुपाने उफणून घ्या, मग बारीक चाळणीतून माती काढा. लोखंडाच्या तुकड्यांसाठी हॅमर मिलच्या (खाद्य दळायच्या यंत्राच्या) तोंडाशी लोहचुंबक लावलेला असावा. नसेल तर आधी तो बसवा.

मोठी खरेदी करणार असाल, दहा-पंधरा क्विंटलच्या पुढे, तर नमुना प्रयोगशाळेत देऊन ओलावा, तेल, प्रथिनं आणि तंतू तपासून घ्या. लातूर भागातल्यांना उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, सातारा-पुण्याकडच्यांना शिरवळचं, तसंच परभणी, नागपूर आणि मुंबईत परळला. नमुना कसा आणायचा, तपासणी कुठे करून मिळेल हे तिथल्या पशुपोषण विभागाला आधी फोन करून विचारा.

पायरी दुसरी: वाळवण आणि साठवण

ताडपत्रीवर पातळ थर पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. ओल आठ-नऊ टक्क्यांवर आली की पोत्यात भरा. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, खाली लाकडी फळ्या घाला. अखंड, कोरडं बी काही महिने टिकतं. उंदरांना मात्र हे बी फार आवडतं, आणि अंगणात वाळत घातलं तर राघूही येतात. घरात लहान मुलं असतील तर राखणीचं काम आपोआप सुटतं.

टरफल फुटलं की घड्याळ सुरू झालं असं समजा. दळलेल्या बियातलं तेल हवेला लागतं आणि मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात आठवड्याभरात वास बदलतो. म्हणून खाद्य एका वेळी पाच-सहा दिवसांचंच बनवा. खवट खाद्य पक्षी कमी खातात, शिवाय त्यातलं जीवनसत्त्व ई संपलेलं असतं.

पायरी तिसरी: दळण

पहिल्यांदा मी बी एकटंच हॅमर मिलमध्ये टाकलं होतं. दहा मिनिटांत चाळणीची भोकं तेलकट लगद्याने भरली, मिल गरम झाली आणि पट्टा घसरायला लागला. चाळणी रॉकेलने धुवावी लागली, ते वेगळंच. बी कधीच एकटं दळू नका. एका भाग बियाला चार-पाच भाग मका घ्या, दोन्ही फावड्याने कोरडेच कालवा आणि मिश्रण मिलमध्ये सोडा. मक्याचं पीठ तेल शोषून घेतं आणि चाळणी मोकळी राहते. चाळणी तीन ते चार मिलिमीटरची ठेवा. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकलेलं बरं.

अख्खं बी घातलं तर? गावरान कोंबडी ते आरामात खाते, कारण तिचा पेटा, कलेजीबरोबर आपण खातो तोच, खडे आणि दाणे दळून दळून दणकट झालेला असतो. ब्रॉयलर जन्मापासून पिठावर किंवा चुऱ्यावर वाढलेला असतो, त्याचा पेटा लहान आणि मऊ. शिवाय भांड्यात अख्खं बी दिसलं की दांडगे पक्षी तेवढंच वेचून खातात आणि दुबळ्यांना नुसतं पीठ उरतं. एकाच शेडमध्ये दोन प्रकारचं खाद्य चालू झाल्यासारखं होतं.

टरफलाला मात्र सगळा दोष देऊ नका. जाडसर, न विरघळणारा तंतू थोड्या प्रमाणात असला तर पेटा बळकट होतो आणि पचन सुधारतं. त्यामुळे टरफल पिठासारखं बारीक करायच्या मागे लागू नका. टरफल पूर्ण काढून मगज देण्याचे यंत्र बाजारात आहे, पण एवढ्याशा मालासाठी ते परवडत नाही. पंख्यासमोर उफणून थोडं टरफल उडवता आलं तर उडवा, नाही तर राहू द्या.

पायरी चौथी: किती आणि केव्हापासून

इथे तंतूचा हिशेब हाच राजा. ब्रॉयलरच्या खाद्यात तंतू पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. नुसत्या मका-सोयाच्या खाद्यात तो तीन-सव्वातीन टक्के असतोच. म्हणजे आपल्या हातात पावणेदोन टक्क्यांची मोकळीक उरते. दर १० टक्के सूर्यफुलाबरोबर १.७ टक्के तंतू येतो. मका आणि सोया थोडे कमी झाल्याने काही अंश वाचतो, तरी १० टक्के हीच कमाल, आणि चाळणीखालच्या मालात टरफल जास्त म्हणून मी ८ टक्क्यांवर थांबतो. काही जण १५-२० टक्के घालतात आणि पक्षी जगतातही, पण वजनाचा काटा वेगळी गोष्ट सांगतो.

वयाचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे अजिबात नाही. त्या वयात पिल्लाची चरबी पचवायची ताकद अजून पुरती आलेली नसते, आणि बियातलं तेल पेशींच्या आत अडकलेलं असल्याने ते काढून पचवणं त्याला आणखी अवघड. पंधराव्या दिवसापासून तीन-चार टक्के, बाविसाव्या दिवसापासून विक्रीपर्यंत आठ टक्के. प्रत्येक बदल तीन-चार दिवसांत: पहिल्या दिवशी नवं खाद्य एक भाग आणि जुनं तीन भाग, मग निम्मं-निम्मं, मग तीन भाग नवं.

फिनिशरचं, म्हणजे बाविसाव्या दिवसापासून विक्रीपर्यंतचं, १०० किलो खाद्य, आधी आपलं नेहमीचं:

मका ६२ किलो
सोया डीओसी ३०.५ किलो
तेल ४ किलो
बाकी ३.५ किलो

आणि हे ८ टक्के सूर्यफुलाचं:

मका ५८.७ किलो
सोया डीओसी २८ किलो
सूर्यफुलाचं बी ८ किलो
तेल १.८ किलो
बाकी ३.५ किलो

"बाकी" मध्ये डायकॅल्शियम फॉस्फेट १.६ किलो, चुनखडीची पूड १ किलो, मीठ ३०० ग्रॅम, डीएल-मेथिओनिन २०० ग्रॅम आणि एल-लायसिन १०० ग्रॅम. उरलेल्या ३०० ग्रॅममध्ये जीवनसत्त्व-खनिजांचं प्रीमिक्स, कोलीन, कॉक्सिडिओस्टॅट (रक्ती हगवण रोखणारं औषध) आणि टॉक्सिन बाइंडर, ज्याच्या त्याच्या पाकिटावरच्या प्रमाणात. सूर्यफुलाच्या खाद्यात लायसिन आणखी ४० ग्रॅम वाढवायचं. हे विसरलं तर बाकी सगळं बरोबर करून काही उपयोग नाही. मेथिओनिन आहे तेवढंच ठेवा.

दोन्ही खाद्यांत प्रथिनं १९ टक्क्यांच्या थोडी वर आणि ऊर्जा जवळपास सारखी येते. तंतू पहिल्यात ३.२ आणि दुसऱ्यात ४.३ टक्के. सोया ४५ टक्के प्रथिनांची धरली आहे. तुमची डीओसी हलकी असेल, आणि पुष्कळदा असते, तर सोया वाढवावी लागेल.

कालवताना आधी "बाकी"चं सगळं साहित्य पाच किलो मक्याच्या पिठात नीट एकजीव करा. मग मिक्सरमध्ये मका-सूर्यफुलाचं दळण, त्यावर सोया, त्यावर हे मिश्रण आणि शेवटी तेल धार धरून. तेल आधी घातलं तर लायसिनच्या गुठळ्या होतात.

पायरी पाचवी: भावाचं गणित

वरची दोन्ही खाद्यं शेजारी ठेवून पाहा. ८ किलो सूर्यफुलाने ३.३ किलो मका, २.५ किलो सोया आणि २.२ किलो तेल वाचवलं. उदाहरणादाखल मका २४ रुपये, सोया डीओसी ४२ आणि तेल १२० रुपये किलो धरू. वाचले ४४८ रुपये. वाढीव लायसिनचे ८ रुपये वजा केले तर ४४०. भागिले ८, म्हणजे ५५ रुपये. या भावांत सूर्यफुलाचं बी किलोला ५५ रुपयांच्या वर घेतलं की तुम्ही नुकसानीत. तुमच्या बाजारचे भाव टाकून हेच गणित दर वेळी करा. तेल महागलं की सूर्यफुलाची किंमत सगळ्यात वेगाने वाढते.

२०२५-२६ साठी सूर्यफुलाचा हमीभाव क्विंटलला ७,७२१ रुपये होता. म्हणजे हमीभावाने विकलं जाणारं चांगलं, भरलेलं बी कोंबडीला घालणं म्हणजे किलोमागे वीस-बावीस रुपये उकिरड्यात टाकणं. ते घाण्यावर जाऊ द्या. आपल्याला हवा तो फुटका, बारीक पण कोरडा आणि निरोगी माल, किंवा खुल्या बाजारात भाव पडलेले असतील तेव्हाचा. एके काळी लातूर-उस्मानाबाद-सोलापूरच्या शिवारात मैलोन्‌मैल पिवळी शेतं दिसायची, तेव्हा असा माल ढिगाने मिळे. सोयाबीनने ते शिवार व्यापल्यापासून तो शोधावा लागतो.

असा माल ४५ रुपयांना मिळाला असं समजू. १०० किलो खाद्यामागे ८० रुपये सुटतात, किलोला ८० पैसे. एक पक्षी फिनिशर खातो सव्वादोन-अडीच किलो. हजार पक्ष्यांच्या लॉटला लागेल जेमतेम दोन क्विंटल सूर्यफूल आणि सुटतील अठराशे ते दोन हजार रुपये. दळण्याची, उफणण्याची मजुरी त्यातूनच. घरची माणसं राबणार असतील तर ठीक, नाही तर सरळ तेलाचा डबा आणा.

पेंडीचं काय?

बियापेक्षा पेंड सहज मिळते आणि सोयापेक्षा बरीच स्वस्त असते, म्हणून हा प्रश्न जास्त विचारला जातो. टरफलासकट काढलेल्या, तेल पूर्ण ओढून घेतलेल्या पेंडीत प्रथिनं २८-३० टक्के असतात, पण तंतू २५ टक्क्यांच्या आसपास आणि ऊर्जा सोयापेक्षाही कमी. ५ किलो पेंड घातली तर अडीच किलो सोया आणि साडेतीन किलो मका कमी होतो, पण पडलेली ऊर्जा भरून काढायला एक किलो तेल जास्त ओतावं लागतं. वरच्याच भावांनी हिशेब केला तर अशा पेंडीची ब्रॉयलरसाठी किंमत होते किलोला जेमतेम १४ रुपये. त्या भावात ती मिळत नाही. ही पेंड गाई-म्हशींना घाला, त्या तंतू पचवतात, किंवा अंड्यावरच्या गावरान कोंबड्यांना थोडी.

लाकडी किंवा लोखंडी घाण्याच्या पेंडीत बरंच तेल उरलेलं असतं, ती त्यामानाने बरी. पण ती ताजी असेपर्यंतच. पंधरा दिवस पोत्यात राहिलेली घाण्याची पेंड हुंगून बघा, मग ठरवा.

पायरी सहावी: आधी शंभर पक्ष्यांवर

एका शेडमध्ये जाळी लावून दोन कप्पे करा, दोन्हींत एकाच दिवसाची शंभर-शंभर पिल्लं, सारखी जागा, सारखी भांडी. बाविसाव्या दिवशी दोन्हीकडचे वीस-वीस पक्षी तोला, मग दर आठवड्याला. घातलेलं खाद्य आणि भांड्यात उरलेलं खाद्य वहीत लिहा. मेलेल्या पक्ष्याचं वजनसुद्धा लिहा, नाही तर एफसीआर खोटा येतो.

ही वही का लागते ते बघा. नेहमीचं खाद्य किलोला ३७.५० रुपये आणि एफसीआर १.७० असेल तर एक किलो जिवंत वजनामागे खाद्याचा खर्च ६३.७५ रुपये. सूर्यफुलाचं खाद्य ३६.७० रुपये, पण त्यावर एफसीआर १.७४ झाला तर खर्च ६३.८६. एफसीआर नुसता ०.०४ ने घसरला आणि सगळी बचत गेली. नजरेला हा फरक कधीच दिसत नाही.

लक्ष ठेवायच्या गोष्टी: विष्ठेत टरफलाचे मोठे तुकडे दिसले तर दळण जाड आहे. भांड्याच्या तळाशी काळा चुरा उरत असेल तर पक्षी निवडून खात आहेत, चाळणी एक आकार बारीक करा. शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं आणि चिकट व्हायला लागलं तर सूर्यफूल निम्म्यावर आणा आणि आधी पाण्याची भांडी गळताहेत का तेही तपासा, कारण दहांतल्या सात वेळा दोष तिथेच सापडतो.

विक्री जिवंत पक्ष्याची असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत हेच खाद्य चालू ठेवता येतं. ड्रेसिंग करून, म्हणजे कापून-साफ करून, गोठवणाऱ्याला माल देत असाल तर शेवटचे सात-आठ दिवस सूर्यफूल बंद करा. नेहमीच्या वाणांच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेइक आम्ल असतं, त्याने पक्ष्याची चरबी मऊ, तेलकट राहते आणि साठवणीत लवकर वास धरते. मऊ चरबीवरून खरेदीदार भाव पाडायला बसतो, आणि तेव्हा तुमच्या वहीतला एफसीआर त्याला दाखवून काही होत नाही.